थंडीत केळीबाग सांभाळताना : पाणी, वारा आणि पहाटेचे चार तास

थंड प्रदेशात हिवाळा आला की घरोघरी नळाचे पाइप गुंडाळून ठेवतात. पाणी गोठले की फुगते आणि पाइप फुटतो. जळगाव-धुळ्याकडे ती वेळ येत नाही. सातपुड्यात डाबसारख्या उंचावरच्या गावांत एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी येते, पण तापीकाठच्या सपाटीवर ठिबकच्या नळ्यांतले पाणी गोठत नाही. म्हणूनच आपली फसगत होते. बर्फ नाही म्हणजे नुकसान नाही असे आपण धरून चालतो. केळी मात्र गोठण्याच्या कितीतरी आधी आजारी पडते.

केळी हे उष्ण आणि दमट हवेतले पीक आहे. तापमान १६ अंशांच्या खाली गेले की वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास नवे पान निघणे जवळजवळ थांबते. रात्रीचा पारा ६ ते ८ अंशांवर आला की पानांतले हरितद्रव्य बिघडायला लागते. खानदेशात याला थंडीचा चरका म्हणतात. एका रात्रीचा चरका झाड सोसते. ओळीने चार-पाच रात्री आल्या की त्याचा हिशेब थेट काढणीच्या वेळी समोर येतो, आणि तोपर्यंत आपण थंडी विसरलेलो असतो.

बागेत काय दिसते

आधी पोंगा उलगडायला वेळ लागतो. महिन्याला तीन-चार पाने टाकणारे झाड एखाद्या पानावर अडते. पानांचे दांडे एकमेकांजवळ येऊन शेंड्याला पुंजका दिसतो. पाने फिकी पिवळी पडतात, कडा करपतात. निसवणीला आलेल्या झाडात घड बाहेर येताना अडकतो, कधी खोड फोडून बाजूने बाहेर पडतो. निसवलेल्या घडात फळे भरत नाहीत. सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी रेषा येतात आणि पिकवल्यावर पिवळाधमक रंग न येता राखाडी झाक राहते. व्यापारी याच रंगावर भाव पाडतो.

पिवळी पाने पाहून खत कमी पडले असे वाटणे साहजिक आहे. बहुतेक वेळा खत जमिनीत असते, मुळेच थंड पडलेली असतात. अशा वेळी युरियाचा जादा हप्ता देऊ नका. मुळे तो उचलत नाहीत, पैसे मात्र जातात.

कोणत्या बागेला धोका जास्त

कांदेबागेची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास होते, म्हणजे कोवळी रोपे सरळ थंडीत सापडतात. मृगबाग डिसेंबर-जानेवारीत सहा-सात महिन्यांची असते आणि बाहेरून दणकट दिसते. पण याच काळात खोडाच्या पोटात घड तयार होत असतो आणि किती फण्या येणार हे तिथेच ठरते. माझ्या मते मृगबागेतले हे न दिसणारे नुकसान कांदेबागेतल्या मेलेल्या रोपांपेक्षा महाग पडते. मेलेले रोप नांग्या भरून बदलता येते, कमी झालेली फणी परत येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीच्या उताराची. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. तिच्यालगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. नाल्याकाठचा, बांधाखालचा, तिन्ही बाजूंनी उंच असलेला तुकडा पहाटे सगळ्यात थंड असतो. दोनशे-अडीचशे रुपयांचा साधा तापमापक घ्या, शेताच्या उंच आणि सखल टोकाला पहाटे पाचला जमिनीपासून हातभर उंचीवर धरून पाहा. एकाच शेतात दोन अंशांचा फरक सहज मिळतो. पुढे जे काही करायचे ते आधी सखल भागात करा.

रात्रीचे पाणी : किती उपयोग होतो

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी हिवाळ्यातही साधारण २५ अंशांच्या आसपास असते. पहाटे मोटर सुरू केल्यावर पाण्यातून वाफा निघताना दिसतात त्या यामुळेच. हे पाणी बागेत सोडले की ते थंड होताना आपली उष्णता जमिनीला आणि लगतच्या हवेला देते.

किती देते, हे एकदा हिशेबाने पाहू. पाच बाय पाच फुटांवरच्या एकरी बागेत सुमारे १,७५० झाडे बसतात. प्रत्येकाला १० लिटर पाणी दिले तर साडेसतरा हजार लिटर झाले. ते २५ अंशांवरून १० अंशांपर्यंत थंड होताना जेवढी उष्णता सोडते, तेवढी मिळवायला ७० ते ७५ किलो सुके लाकूड जाळावे लागेल. ऐकायला बरीच वाटते, पण एकरभर पसरलेली रात्रभराची उष्णता याच्या कितीतरी पट आकाशाकडे जात असते. म्हणून पाण्याने बाग उबदार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. मिळाला तर एक-दोन अंशांचा फरक मिळतो. पारा ७ अंशांवर आहे की ९ अंशांवर, यात केळीचे बरेच काही असते, म्हणून तो एक-दोन अंश सोडायचा नाही.

पाण्याचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. ओली जमीन दिवसा उन्हाची उष्णता खोलवर साठवते आणि रात्री ती वर पाठवते. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत उष्णता वरच्या दोन बोटांतच राहते आणि मध्यरात्रीच्या आत संपते. थंडीत बाग ताणावर ठेवू नये असे म्हणतात ते याचसाठी.

वेळ पाळा, मात्रा वाढवू नका. दिवसभराचे जे पाणी तुम्ही देणार होता, तेच रात्री दोन ते सहाच्या दरम्यान द्या. जादा पाण्याने काळ्या जमिनीत मुळांचा श्वास कोंडतो आणि थंडीने आधीच सुस्त झालेली मुळे कुजतात. झाडाला ताशी ४ लिटरच्या दोन तोट्या असतील तर १० लिटरला सव्वा तास लागतो. व्हॉल्व्ह अशा क्रमाने फिरवा की सखल तुकड्याची पाळी चार ते सहाच्या दरम्यान येईल. पहाटेचा पारा सूर्य उगवण्याच्या सुमारास सगळ्यात खाली असतो.

इथे विजेचा प्रश्न येतो. थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने दिवसा किंवा रात्री मिळते आणि थंडीची लाट तुमची पाळी पाहून येत नाही. सौरपंप असेल तर रात्री पाणी देता येतच नाही. अशा बागेत दुपारी उशिरा, ऊन असेपर्यंत पाणी पूर्ण करा. वाफेची ऊब पहाटेपर्यंत टिकणार नाही, पण ओल्या जमिनीचा फायदा तुम्हाला मिळेल. शेततळ्याचे उघडे पाणी हिवाळ्यात विहिरीपेक्षा बरेच थंड असते. दोन्ही सोय असेल तर थंडीच्या रात्री थेट विहिरीचे पाणी घ्या आणि तळ्याचे दिवसासाठी ठेवा.

रात्री मोटर सुरू करायला एकट्याने जाऊ नका. यावल, रावेर, चाळीसगाव भागांत बिबट्याचा वावर आहे. मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला तर व्हॉल्व्ह संध्याकाळीच लावून ठेवता येतात.

वारा आणि आच्छादन

उत्तरेचा गार वारा केळीची पाने फाडतो आणि झाडाची उष्णता काढून नेतो. उत्तर आणि पश्चिम बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ हवी, पण ती लागवडीच्या वेळीच लावावी लागते. डिसेंबरात आठवण झाली असेल तर हिरवी शेडनेट बांधा. सखल टोकाला मात्र नेट जमिनीपर्यंत बंद करू नका. थंड हवेला बाहेर पडायला वाट राहू द्या, नाहीतर ती बागेतच साचते.

कांदेबागेच्या रोपांभोवती क्रॉप कव्हरच्या पिशव्या घालणे आता खानदेशात रूढ झाले आहे. खर्च आहे, पण पहिल्या दोन महिन्यांत तो वसूल होतो असे मला वाटते. मोठ्या बागेत खोडाभोवती कापलेली निरोगी पाने किंवा उसाचे पाचट पसरा. करप्याची पाने मात्र बागेबाहेर काढा. पहाटेच्या दवाने पाने ओली राहतात आणि करपा तिथेच वाढतो.

निसवलेले घड २ ते ६ टक्के छिद्रे असलेल्या पातळ पॉलिथिन पिशवीने झाका. बिनछिद्राची पिशवी दुपारी आत घाम धरते आणि फळावर डाग येतात. घडाच्या वरचा दांडा उघडा राहू नये, त्यावर झाडाचेच वाळके पान बांधा.

झाडामागे २५० ग्रॅम निंबोळी पेंड दिल्यास मुळांना मदत होते. पालाशाचा हप्ता चुकवू नका. फवारणी करायचीच असेल तर ऊन वर आल्यावर करा, पहाटे किंवा संध्याकाळी नको.

शेकोट्या

द्राक्षपट्ट्यात, निफाडकडे, पारा दोन अंशांखाली गेला तेव्हा शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. केळीतही हे करतात. एक मोठी आग लावू नका. तिची गरम हवा सरळ वर निघून जाते. बांधाच्या कडेने लहान लहान, धुमसत राहणारे ढीग ठेवा. ठिबकच्या नळ्या आणि शेजाऱ्याचा कापसाच्या पऱ्हाटीचा ढीग यांपासून लांब राहा. खरे सांगायचे तर धुराचा उपयोग थोडाच आहे. मजूर आणि झोप यांचा हिशेब घातला तर तीच मेहनत पाण्याच्या पाळीवर केलेली बरी.

विम्याचे

हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाईचा निकष लागतो. नोंद तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची धरतात, तुमच्या शेतातल्या तापमापकाची नाही. सखल शेतात ७ अंश असताना केंद्रावर ९ असू शकते. शिवाय दोन रात्री ७, एक रात्र ९ आणि परत ७ असे झाले तरी सलग तीन दिवस मोडतात. अर्जाची मुदत ऑक्टोबरअखेर, म्हणजे थंडी पडण्याआधी संपते. निकष आणि रक्कम दरवर्षीच्या शासन निर्णयात तपासून घ्या.

थंडी ओसरल्यावर

पिवळी पडलेली पाने लगेच छाटू नका. अर्धे हिरवे पानही घड भरायला उपयोगी पडते. फेब्रुवारीत रात्रीचा पारा १४-१५ अंशांवर स्थिरावला आणि नवा पोंगा सरळ निघू लागला की नत्र-पालाशाचे हप्ते थोडे थोडे ठिबकमधून पुन्हा सुरू करा. ज्या झाडात घड खोड फोडून बाजूने आला आहे, तिथे घडाचा मोह सोडा आणि जोमदार पील राखा.