‘लास्ट’ म्हणजे शेवट नव्हे

फोरबर्ग आणि लायडस्खेनडाम २००२ साली एका नगरपालिकेत आले, त्याच्या आधीपासून आम्ही येथे राहतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकूंना कर्करोग झाला. त्यांना डच येत नसे, म्हणून रुग्णालयात दुभाषा म्हणून मी जाई. एकदा परिचारिकेने एक कागद पुढे केला. वर ठळक शब्द होता, ‘लास्टमीटर’. इंग्रजी कळणाऱ्या काकूंचा चेहराच उतरला. “अरे, शेवट मोजायला लागले का हे?”

डचमध्ये ‘लास्ट’ म्हणजे ओझे. मी तसे समजावले खरे, पण “मन कसे आहे?” या पुढच्या प्रश्नाला काकूंना न विचारताच मी उत्तर दिले, “ठीक आहे.” ती चूक मला अजून बोचते.

या कागदामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी रुग्णाला रोगाचे नावही सांगत नसत. अमेरिकेत १९६१ च्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टर निदान न सांगणे पसंत करीत. १९७९ मध्ये ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे झाले. नावच दडलेले, तिथे मनाविषयी बोलणार काय? न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली या कामाचा पाया घातला. ‘मानसोपचार’ म्हटले की रुग्ण बिचकतो, हे ओळखून तिथल्या मंडळींनी ‘त्रास किती?’ असे साधे विचारणारी शून्य ते दहाची मोजपट्टी १९९८ मध्ये मांडली. लास्टमीटर हे तिचेच डच रूप. २०१० च्या डच मार्गदर्शिकेने ते सर्वत्र वापरण्याची शिफारस केली.

तरीही बरेच रुग्ण मदत घेत नाहीत. त्रास जास्त म्हणजे मदतीची इच्छा जास्त, असे नसते. “माझे मी पाहीन”, “घरचे आहेत की”, ही उत्तरे सर्व देशांत आढळतात. स्त्रिया व तरुण रुग्ण तुलनेने लवकर पुढे येतात. पैशाचाही प्रश्न असतो: २०१२ पासून येथील मूलभूत विम्यातून ‘जुळवून घेण्यातील अडचणी’वरचे मानसोपचार वगळले गेले, आणि कर्करोगाच्या रुग्णाला नेमके हेच निदान पुष्कळदा मिळते.

आपल्याकडे आणखी एक भिंत असते, ती आपल्या मायेची. “आईला सांगू नका” म्हणणारा मुलगा आणि “मुलाला कळू देऊ नका” म्हणणारी आई एकाच घरात राहतात. दुभाषाही घरचाच असेल, तर रुग्णाने मन मोकळे करावे कुठे?

पुढच्या भेटीला मी धंदेवाईक दुभाषा मागितला आणि स्वतः बाहेर बसलो. लास्टमीटरच्या शेवटी विचारलेले असते, तज्ज्ञाशी बोलावेसे वाटते का? ‘होय’, ‘कदाचित’, ‘नाही’. काकूंनी ‘कदाचित’वर खूण केली होती. दोन आठवड्यांनी त्या बोलायला गेल्या. काय बोलल्या, ते मी विचारले नाही.