राखणारा कुत्रा आणि वळणारा कुत्रा

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, आमच्या मुलाला बॉर्डर कॉली हवीय. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलंय की जगातली सगळ्यात हुशार जात. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. घेऊ का?" मी पशुवैद्य नाही, इतिहास शिकवतो. तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मला वाटतं, त्याचं उत्तर इतिहासातच आहे. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून मेंढपाळाच्या कुत्र्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दृश्यापासून करू. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. तुम्ही रस्त्यात कधीतरी गाडी थांबवून वाट दिलीच असेल. एक जण पुढे, एक मागे, घोड्यांवर बिऱ्हाड, आणि कडेनं दोन-तीन कुत्री. आता नीट आठवा, ती कुत्री मेंढरं वळवत असतात का? नाही. मेंढरं वळवतो तो माणूस, तोंडानं आवाज काढून, काठी आडवी धरून. कुत्रं बरोबर चालतं. त्याचं खरं काम सुरू होतं रात्री, शेतात मेंढरं बसवली की. कारण आपल्या माळरानावर, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडे, लांडगा अजून आहे.

मराठीत आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत आणि ती फार कामाची आहेत. राखणं आणि वळणं. पोरगं गुरं राखायला जातं असंही म्हणतो, गुरं वळायला जातं असंही म्हणतो, आणि बोलताना फरक करत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. धनगराचा कुत्रा राखणारा. बॉर्डर कॉली वळणारी. दोघांनाही आपण "मेंढपाळाचा कुत्रा" म्हणतो, पण त्यांचे स्वभाव जवळजवळ उलटे आहेत.

हा फरक पडला कसा? याचं एक छान उत्तर 1570 सालच्या एका लॅटिन पुस्तिकेत सापडतं. लिहिणारा जॉन कीझ, इंग्लंडच्या राजघराण्याचा वैद्य. केंब्रिजमधल्या एका कॉलेजाला आजही त्याचं नाव आहे. कोनराड गेस्नर नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकासाठी त्यानं ब्रिटनमधल्या कुत्र्यांची माहिती लिहून काढली. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याबद्दल तो म्हणतो की आमच्याकडचा हा कुत्रा अवाढव्य नाही, मध्यम बांध्याचा आहे, कारण त्याला लांडग्याशी झुंजायचं नाही. इंग्लंडात लांडगे उरलेलेच नाहीत. पुढे तो अशीही नोंद करतो की इतर देशांत मेंढ्या मेंढपाळाच्या मागून चालतात, आमच्याकडे मेंढपाळ मेंढ्यांच्या मागून चालतो, आणि शीळ घातली की कुत्रा पांगलेल्या मेंढ्या गोळा करून आणतो.

एका वैद्यानं दोन-चार वाक्यांत केवढं सांगून ठेवलंय पाहा. लांडगा गेला, राखणीचं काम संपलं. कुत्र्याला दुसरं काम मिळालं. जिथे लांडगा राहिला, म्हणजे इटलीचे डोंगर, अनातोलिया, आपलं दख्खन, तिथे कुत्रा राखणाराच राहिला.

आता हे वळणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. इथे थोडं जीवशास्त्र येईल, घाबरू नका. लांडगा शिकार कशी करतो? आधी नजर रोखतो. मग दबकत पुढे सरकतो. मग पाठलाग, मग चावा, मग जीव घेणं. ही एक साखळी आहे. रेमंड कॉपिंजर नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर कामाच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की माणसानं कुत्र्यांच्या जाती घडवल्या म्हणजे ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी तोडली. राखणाऱ्या कुत्र्यात ती जवळजवळ पुसली गेली, त्याला मेंढरू म्हणजे घरचं माणूस वाटतं. वळणाऱ्या कुत्र्यात पहिल्या तीन कड्या भक्कम केल्या, नजर, दबकणं, पाठलाग, आणि पुढचं कापून टाकलं. म्हणजे बॉर्डर कॉली मेंढ्यांसमोर जे करते ती अर्धी शिकार आहे. मेंढी पळते ती म्हणूनच. तिला समोर शिकारी दिसतो.

हे लक्षात ठेवा, फ्लॅटच्या प्रश्नाकडे येताना लागणार आहे.

स्कॉटलंडमध्ये जेम्स हॉग नावाचा एक कवी होऊन गेला, अठराव्या शतकाच्या शेवटी जन्मलेल्या नव्हे, तर वाढलेल्या पिढीतला. मूळचा मेंढपाळ. त्यानं आपल्या सिरा नावाच्या कुत्र्याबद्दल लिहून ठेवलंय. एकदा मध्यरात्री सातशेच्या आसपास कोकरं बिथरली आणि डोंगरात तीन दिशांना उधळली. अंधारात कुत्राही दिसेना. माणसं रात्रभर शोधत फिरली, हाती काही लागलं नाही. उजाडताना पाहतात तर एका घळीत सिरा सगळ्या कोकरांना घेऊन उभा! एकही कमी नाही. ही गोष्ट कुत्र्यांच्या प्रत्येक पुस्तकात येते. पण त्याच लेखनात हॉगनं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. सिरा स्वभावानं घुमा होता. कौतुक केलेलं त्याला खपत नसे, अंगावरून हात फिरवू देत नसे. जगातल्या नामांकित मेंढी-कुत्र्यांपैकी हा एक, आणि लाड करून घ्यायला तयार नाही!

आता येऊ 1873 वर. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातलं हेच वळण. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, म्हणजे कुत्र्यांची वंशावळ लिहिणारी, प्रदर्शनांचे नियम करणारी संस्था. आणि ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला गावी, लॉइड प्राइस नावाच्या जमीनदाराच्या पुढाकारानं, मेंढ्या वळवण्याची स्पर्धा झाली. ब्रिटनमधली अशी पहिली स्पर्धा हीच मानतात. जिंकला वेल्समध्ये राहणारा एक स्कॉटिश माणूस, थॉम्सन, आणि त्याचा ट्वीड नावाचा लहानसा कुत्रा.

एकीकडे कुत्रा दिसतो कसा याला बक्षीस, दुसरीकडे करतो काय याला बक्षीस. मेंढपाळाचा कुत्रा इथून दोन वाटांनी गेला.

आधी दिसण्याची वाट. व्हिक्टोरिया राणी बालमोरलला जायची, तिथे तिला कॉली आवडल्या, तिनं त्या पाळल्या. राणीनं पाळल्या म्हटल्यावर सगळ्यांनाच हव्या. मग लांब नाक, झुलता केसाळ गळा, सोनेरी रंग. आपण ज्याला "लॅसीवाला कुत्रा" म्हणतो तो रफ कॉली असा दिवाणखान्यात घडला. पिढ्यान् पिढ्या त्याची निवड दिसण्यावर आणि सौम्यपणावर झाली. मेंढ्यांचं वेड हळूहळू निवळलं. घरात ठेवायला तो बराच सोपा झाला, तो त्यामुळेच.

दुसरी वाट कामाची. 1893 साली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर, नॉर्थंबरलंडमध्ये, ॲडम टेलफर नावाच्या शेतकऱ्याकडे एक पिल्लू जन्मलं. बाप रॉय, मोकळ्या स्वभावाचा, पण नजरेत फार जोर नाही. आई मेग, बुजरी, आणि नजर इतकी रोखणारी की कधीकधी स्वतःच त्यात अडकून पडायची. पिल्लाचं नाव हेम्प. हा कुत्रा भुंकायचा नाही, चावायचा नाही. नुसता दबकून पाहायचा आणि मेंढ्या शांतपणे चालू लागायच्या. तोवर मेंढी-कुत्रा म्हणजे आरडाओरडा, धावाधाव. हेम्पचं काम पाहून आजूबाजूचे मेंढपाळ आपल्या माद्या घेऊन टेलफरकडे येऊ लागले. 1901 ला हेम्प मेला, तोपर्यंत त्याची दोनशेच्या आसपास पिल्लं झाली होती असं सांगतात. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापर्यंत जातं. 1906 मध्ये मेंढी-कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि तिच्या नोंदवहीत कुत्र्याचा रंग, कानांचा आकार याला महत्त्व नव्हतं. मेंढ्या वळवतो की नाही? बस्स. "बॉर्डर कॉली" हे नाव तर त्यानंतर रूढ झालं.

म्हणजे त्या बाईंच्या मुलाला जो कुत्रा हवाय, तो शंभराहून जास्त वर्षं एकाच परीक्षेत पास होऊन आलाय. त्या परीक्षेत "घरात शांत बसतो का" असा प्रश्न कधीच नव्हता.

जर्मन शेफर्डची गोष्ट तिसरीच. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ हा घोडदळातला निवृत्त अधिकारी. 1899 च्या एप्रिलमध्ये एका प्रदर्शनात त्यानं एक मेंढी-कुत्रा पाहिला, तिथेच विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात संस्था काढून जातीच्या नोंदवहीत त्याला पहिला क्रमांक दिला. पण जर्मनीत कुरणं कमी होत होती, कारखाने वाढत होते. मेंढ्याच राहिल्या नाहीत तर कुत्र्यानं करायचं काय? स्टेफानिट्झनं त्याला नवं काम शोधलं: पोलीस, सैन्य. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हाच कुत्रा. आपल्याकडे आजोबांच्या पिढीतले लोक याला अल्सेशियन म्हणायचे ना? ते नाव त्या युद्धातलंच. इंग्रजांना "जर्मन" शब्द नको होता, म्हणून अल्सेस प्रांताचं नाव लावलं, आणि ते आपल्या वाड्यांतल्या "कुत्र्यापासून सावध" पाट्यांमागे येऊन बसलं.

कॉर्गीबद्दल दोनच वाक्यं. हा वेल्समधला गुरं हाकणारा कुत्रा, गाईच्या टाचेला चावून खाली वाकायचा म्हणजे लाथ डोक्यावरून जाते. एलिझाबेथ राणीच्या राजवाड्यात त्याला गाई मिळाल्या नाहीत, तेव्हा त्यानं नोकरांच्या टाचा धरल्या. 1991 मध्ये कुत्र्यांचं भांडण सोडवताना खुद्द राणीच्या हाताला टाके पडले.

आणि लॅसी! 1943 च्या सिनेमामुळे कॉली म्हणजे मुलांचा आदर्श सोबती हे जगभर पक्कं झालं. आता गंमत ऐका. लॅसीचं काम केलेला कुत्रा नर होता, नाव पाल. तो प्रशिक्षकाकडे आला कसा? मालकानं आणून सोडला होता, कारण घरात तो सारखा भुंकायचा आणि मोटरसायकलींच्या मागे लागायचा. प्रशिक्षकानं भुंकणं थांबवलं, मोटरसायकलचं वेड काही सुटेना. मालक म्हणाला, राहू दे, तूच ठेव. घरातला आदर्श कुत्रा म्हणून जग ज्याला ओळखतं, तो आधी एका घरातून नाकारलेला कुत्रा होता.

सिनेमाचा हा परिणाम थांबलेला नाही. 1995 मध्ये "बेब" आला, त्यातल्या बॉर्डर कॉली लोकांना आवडल्या. योगायोग म्हणजे त्याच वर्षी अमेरिकन केनेल क्लबनं बॉर्डर कॉलीला प्रदर्शनाची जात म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली तर आनंद व्हायला हवा, पण मेंढ्या पाळणाऱ्या मालकांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, तुम्ही रूपावर निवड कराल आणि काम मरेल, रफ कॉलीचं झालं तसं. मला त्यांची बाजू पटते. पण त्यांनी न बोललेली दुसरी अर्धी गोष्टही खरी आहे. काम टिकलं, तर ते वेडही टिकणार, आणि असं पिल्लू मेंढ्या नसलेल्या घरात जाणार.

तर, त्या बाईंचा फ्लॅट. नजर, दबकणं, पाठलाग. मेंढ्या नाहीत, मग वळायचं कुणाला? वाढदिवसाला आलेल्या पोरांना. जिन्यात धावणाऱ्या शेजारच्या मुलीच्या टाचा. खाली गेलं की स्कूटर. यातलं काही मिळालं नाही तर भिंतीवरची सावली, पंख्याचा हलता कवडसा. मी एका ओळखीच्यांकडे अशी कुत्री पाहिली आहे, तासन् तास वॉशिंग मशीनच्या गोल काचेसमोर दबकून बसलेली. घरचे हसत होते. मला हसू आलं नाही.

हुशारीचंही तसंच. 2011 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीबद्दल लिहिलं, तिला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं ओळखता येत. पण त्यामागे एका निवृत्त प्राध्यापकाचे वर्षानुवर्षांचे रोजचे चार-पाच तास होते. ते वाक्य जाहिरातीत येत नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून टाकतो, कारण ती जिवावर बेतते. कॉलीच्या जातींत पुष्कळ कुत्र्यांच्या जनुकात असा दोष असतो की आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त प्रमाणात दिली तर ती थेट मेंदूवर जातात. आपल्याकडे गोचिडांवर, खरजेवर हे औषध सर्रास वापरतात. कॉली किंवा तिचा संकर घरात असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

मग कुणीच पाळू नये का? असं नाही. सकाळ-संध्याकाळ तासभर पळणारा, शिकवण्यात रमणारा माणूस असेल तर बॉर्डर कॉलीसारखा सोबती नाही. घरात लहान मुलं, माणसं दिवसभर बाहेर, अशा ठिकाणी मी रफ कॉलीचा विचार करीन, पण पुण्यातल्या मे महिन्यात तो कोट कसा सांभाळायचा हेही विचारीन. आणि कुणी उत्साहानं म्हणेल, मग धनगरी कुत्रं आणू, आपल्या मातीतलं! तर थांबा. तो राखणारा. रात्री दोनला लिफ्टचा आवाज आला की तो आपलं काम चोख बजावेल, आणि सकाळी सोसायटीचे चेअरमन दारात.

त्या बाई आज आल्यात, तिसऱ्या रांगेत, मला दिसतायत. मुलगाही बरोबर आहे. त्याला काही विचारायचं असेल तर माईक त्याच्याकडे द्या.