वाफेच्या इंजिनांच्या पितळी प्रतिकृति व त्यांचें प्रामाण्य

१. इतिहाससाधनांची गणना करितांना आपण दप्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांचा उल्लेख करितों. पितळेच्या पत्र्यांतून घडविलेल्या आगगाडीच्या इंजिनाचें नांव त्या यादींत घातलें तर पुष्कळांस तो विनोद वाटेल. तथापि एखाद्या संग्राहकाच्या पश्चात् त्याच्या वस्तूंची वांटणी होते, तेव्हां पोथ्यांच्या रुमालांबरोबर असलें एखादें इंजिनही संस्थेच्या दारीं येतें, आणि तें ठेवून घ्यावें कीं परत करावें हा प्रश्न चालकांपुढें उभा राहतो. प्रस्तुत लेखांत आम्ही असें दाखविणार आहों कीं, अशी प्रतिकृति ही एक 'प्रत' आहे. पोथीच्या प्रतीस जे नियम लागू तेच हिलाही लागू आहेत. आणि पुष्पिकेवांचून हिचें प्रामाण्य जवळजवळ नष्ट होतें.

२. प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, वाफेच्या गाडीच्या इतिहासांत लहान प्रतिकृति मोठ्या इंजिनाच्या मागून आलेली नाहीं. ती आधीं आलेली आहे. विल्यम मर्डॉक यानें तीन चाकांची वाफेची लहान गाडी इ. स. १७८४ च्या सुमारास करून चालविली. ती बर्मिंगहॅम येथें आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिक यानेंही आधीं लहान नमुने केले, आणि त्याचें रुळांवरून ओझें ओढणारें इंजिन वेल्समध्यें चाललें तें १८०४ सालीं. अर्थात् धातूंत केलेला नमुना हा येथें एक प्रकारें मूळ खर्डाच होय.

याहून बोधप्रद उदाहरण जपानचें आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आपल्याकडील पहिली उतारूंची गाडी गेली. त्याच वर्षीं पुत्यातिन हा रशियन आरमारी अधिकारी नागासाकी बंदरांत आला, आणि त्यानें आणलेली वाफेवर चालणारी लहान आगगाडी तेथील लोकांच्या पाहण्यांत आली. पुढील वर्षीं अमेरिकेच्या पेरीनें मूळच्या चतुर्थांश मापाची गाडी आणून योकोहामा येथें चालवून दाखविली. सागा संस्थानच्या कारखान्यांत तानाका हिसाशिगे प्रभृति कारागिरांनीं १८५५ सालीं स्वतःची चालती प्रतिकृति सिद्ध केली. ती सागा येथें जतन केलेली आहे. जपानांत खरी आगगाडी सुरू झाली ती मात्र १८७२ सालीं. म्हणजे या कारागिरांपुढें मूळ ग्रंथ नव्हताच. त्यांनीं प्रतीवरून प्रत केली, आणि ती प्रत आज त्या विद्येच्या प्रवासाचा अव्वल पुरावा ठरली आहे.

येथें खेळणें व प्रत यांतील भेद सांगितला पाहिजे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांत शिंदे सरकारच्या भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी प्रसिद्ध आहे. ती वैभवाची साक्ष देते. रुळांवरील अमुक एका इंजिनाची साक्ष देत नाहीं. आम्हांस येथें विचार कर्तव्य आहे तो दुसऱ्या जातीच्या वस्तूंचा.

३. ही दुसरी जात मुख्यत्वेंकरून ब्रिटनमध्यें वाढली. 'मॉडेल एंजिनिअर' हें नियतकालिक १८९८ सालीं निघालें. त्याच्या पुढील वर्षीं नॉर्दॅम्प्टन येथें बॅसेट-लोक यांचा प्रतिकृतींचा व सुट्या भागांचा व्यापार सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान कारखान्यांतून तयार पितळी इंजिनें अमेरिकेस जाऊं लागलीं, व पुढें तो धंदा बराचसा कोरियाकडे गेला. ब्रिटनमध्यें मात्र सुटे भाग घेऊन ते स्वतः जोडण्याची रीति रुजली. या भागांच्या संचास 'किट' म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत आम्लानें कोरलेल्या पत्र्यांचीं किटें पुढें आलीं, आणि या कामाचें स्वरूपच पालटलें.

ती कृति ताम्रपटाच्या अभ्यासकांस रुचेल अशी आहे. पितळेच्या पातळ पत्र्यास दोन्ही बाजूंनीं प्रकाशानें पालटणारा लेप देतात, त्यावर आराखडा प्रकाशानें उतरवितात, व उघडा राहिलेला भाग आम्लाकडून खाववितात. जेथें दोन्हीकडून खाल्लें जातें तेथें पत्रा आरपार कापला जातो. जेथें एकाच बाजूनें, तेथें अर्ध्या जाडीची रेघ राहते व त्या रेघेवर पत्रा नेमका दुमडतो. रिवेटांच्या जागीं मागील बाजूस बारीक खळगे असतात. त्यांवर टोंचा दाबला म्हणजे पुढें रिवेटांचीं डोकीं उमटतात. धुराडें, घुमट, वाफेच्या झडपा असे भरीव भाग ओतीव असतात. त्यांतील बारीक पितळी भाग मेणाच्या साच्यानें ओततात. हीच ती मधूच्छिष्टविधानाची रीति, जी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत मानसोल्लासांत मूर्तींच्या संबंधें वर्णिली आहे.

जोडणीचा क्रमही ठरलेला आहे. आधीं चौकट, आंस व चाकें. मग वरचें अंग. एका बाजूच्या चाकांचे क्रँक दुसऱ्या बाजूच्या क्रँकांशीं काटकोनांत बसवावे लागतात, आणि हा कोन सर्व जोडचाकांत सारखा नसेल तर इंजिन अडखळतें. पितळेचे सांधे कथील-शिशाच्या डाकानें झाळतात. प्रथम सुमारें १८८ अंशांस वितळणारा डाक, मग बारीक भागांस १४५ अंशांचा, व मऊ पांढऱ्या धातूच्या ओतीव भागांस अवघा ७० अंशांचा (सर्व अंश सेंटिग्रेड), असा उतरता क्रम राखिला म्हणजे मागचा सांधा पुढच्या उष्णतेनें सुटत नाहीं. शेवटीं कानशीनें जादा डाक काढून, धुवून, रंग देतात.

४. आतां मुख्य प्रश्न: ही प्रत कशाची? 'अमुक इंजिनाची' एवढें उत्तर पुरत नाहीं, कारण इंजिन हें पोथीप्रमाणेंच वारंवार दुरुस्त होत आलेलें असतें. बाष्पपात्र बदलतें, धुराडें आंखूड होतें, रंग व क्रमांक पालटतात.

स्टीफन्सनांचें 'रॉकेट' घ्या. इ. स. १८२९ च्या ऑक्टोबरांत रेनहिल येथील परीक्षेंत तें जिंकलें, तेव्हां त्याचे सिलिंडर सुमारें ३८ अंशांनीं कललेले होते व त्याचा रंग पिवळा होता. पुढें थोडक्याच काळांत सिलिंडर जवळजवळ आडवे करण्यांत आले व पुढील बाजूस धूरपेटी बसविली गेली. १८६२ सालीं लंडनच्या संग्रहालयास मिळालें तें हें बदललेलें रॉकेट. म्हणून ज्यास रेनहिलचें रॉकेट घडवावयाचें आहे त्यानें अस्सल वस्तूचीं मापें जशींच्या तशीं घेतलीं तर त्याची प्रत अशुद्ध होईल! मूळ हातांत असूनही पाठ ठरविण्यासाठीं तत्कालीन चित्रें व वर्णनें ताडून पाहावीं लागतात. पोथ्यांचा व्यवहार करणाऱ्यांस हें नवें नाहीं.

मूळच गेलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण 'नॉर्थ स्टार' होय. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचें हें १८३७ चें इंजिन १८७१ मध्यें कामांतून काढल्यावर स्विंडन येथें पुष्कळ वर्षें जपून ठेविलें होतें. परंतु १९०६ सालीं जागेच्या अडचणीसाठीं तें मोडून टाकिलें. १९२५ च्या शताब्दि-उत्सवासाठीं पूर्ण मापाची प्रतिकृति करण्याची वेळ आली, तेव्हां जुन्या इंजिनाचे इकडेतिकडे राहिलेले भाग गोळा करून तिच्यांत बसवावे लागले. संग्रहांत असलेली वस्तु अडचण म्हणून मोडावी, आणि वीस वर्षांच्या आंत तिचीच नक्कल करावी, यापरतें या विषयांत शिकण्यासारखें दुसरें नाहीं.

५. दुसरा दोष मापाचा. ब्रिटनमध्यें एका फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण फार प्रचलित आहे. त्या प्रमाणानें तेथील ४ फूट ८॥ इंचांचा रूळमार्ग १८.८३ मिलिमीटर रुंद हवा. परंतु बहुतेक इंजिनें १६.५ मिलिमीटर रुळांवर चालतात. म्हणजे वरचें अंग एका प्रमाणाचें व चाकांमधील अंतर दुसऱ्या; मूळच्या हिशेबानें सुमारें सात इंचांची तूट. लहान मापांत मोटार मावेना म्हणून केलेली ही तडजोड पुढें रूढि झाली. आपल्या ५ फूट ६ इंचांच्या ब्रॉडगेजसाठीं याच प्रमाणानें २२ मिलिमीटर रूळ पाहिजेत. १८५३ सालच्या मुंबई-ठाणें मार्गासाठीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें लँकेशायरच्या व्हल्कन फौंड्रीकडून पहिलीं आठ इंजिनें आणविलीं होतीं. त्यांपैकीं एखाद्याची प्रतिकृति कोणी १६.५ मिलिमीटर चाकांवर बसविली, तर ती कितीही सुबक असली तरी ब्रॉडगेजचा पुरावा म्हणून निरुपयोगी होय. आणि ही तडजोड नमूद नसेल तर ती पुढील अभ्यासकास फसवील.

६. यावर पूर्वपक्ष असा कीं, किट छापील वस्तु आहे. जोडणाऱ्याचें त्यांत विशेष काय? उत्तर असें. किटाचा आराखडा करणारा हा एक संपादक असतो, व त्याच्या चुका प्रत्येक संचांत उतरतात. म्हणून एकाच किटाचीं दहा इंजिनें म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष. परंतु विचारी जोडणारा आपल्या इंजिनाचा क्रमांक व साल ठरवितो, छायाचित्रें ताडतो, चुकीचें धुराडें काढून बरोबर घालतो, रिवेटांची ओळ पुन्हां मोजतो. तेथें तो संशोधक होतो. दुर्दैव असें कीं, रंग चढला म्हणजे हें सर्व शोधन झांकून जातें; त्याचा पत्ता लागतो तो केवळ त्याच्या टिपणांवरून. आणि घर आवरतांना पितळ जपलें जातें, कागद रद्दींत जातात.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. असें इंजिन संस्थेकडे आलें असतां प्रथम त्याबरोबरचें कागद मागावे: किटाचें सूचनापत्र, आराखडे, छायाचित्रें, जोडणाऱ्याची वही. तीं नसतील व जोडणारा हयात असेल तर त्यास विचारून पांच गोष्टी लिहून घ्याव्या: इंजिनाचा क्रमांक, दाखविलेलें साल, प्रमाण व गेज, आधारभूत साधनें, आणि किटाहून केलेले फेरफार. हीच त्या प्रतीची पुष्पिका. ती एका चिठीवर लिहून इंजिनाच्या पेटींतच ठेवावी. ज्या प्रतिकृतीस अशी पुष्पिका मिळत नाहीं ती शोभेची वस्तु समजून खुशाल परत करावी. जिला मिळते तिला मात्र दप्तरांतील कागदाइतकाच मान देऊन नोंदवहींत क्रमांक द्यावा.