रहाटामागचे हात

विरारमधल्या मनवेलपाड्याच्या रस्त्यावर उभे राहा. जीवदानीच्या डोंगरावर नजर ठेवा आणि मधल्या इमारती एकेक करून पुसून टाका. 12 एप्रिल 1867 ची पहाट उजाडते आहे.

पायाखाली भाताची कोरडी खाचरं आहेत. कडेच्या तुकड्यात शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन राब पेटवलाय. "वाऱ्याच्या तोंडाशी नका उभं राहू, बाबा," राब भाजणारा म्हातारा तुम्हाला बाजूला करतो. धूर कुठे वळेल, आग किती सावकाश चढेल, हे त्याला हवेवरून कळतं. पावसाच्या तोंडावर याच राखेत भात पेरायचा आणि मग त्याची रोपं खाचरात लावायची.

पश्चिमेला चला. विरार स्टेशनात वाफेची गाडी उभी आहे. आजपासून ती रोज सकाळी मुंबईत बॅकबेपर्यंत जाणार, संध्याकाळी परतणार.

रूळ ओलांडून आगाशीच्या वाटेला लागलात, की करकर ऐकू येते. विहिरीवर रहाट चाललाय. डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा गोल फिरतो, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकात अडकतात, माळेतली मडकी भरून वर येतात आणि पन्हळीत रिती होतात. पाटाचं पाणी केळीला, पानवेलीला जातं. जवळ जाऊन बघा. चाक सुताराचं, सुताराचा वाकस लोहाराचा, मडकी कुंभाराची, दोर वळणाऱ्याचा. मडकी फुटतात, दोर कुजतो, दाते झिजतात, म्हणून प्रत्येकाला पुन्हा बोलावणं येतं.

पुढच्या अंगणात सोललेली राजेळी केळी मांडवावर वाळताहेत. संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. काही दिवसांनी ती मधाच्या रंगावर येतात आणि त्यांची सुकेळी होतात.

आता वर्षं भराभर पुढे जाऊ द्या. विहिरींवर पंप बसतात. रेडा सुटतो, त्याच्यामागे कुंभाराची मडकी, दोरवाल्याचा दोर आणि सुताराचं चाकही सुटतं. 1936 मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचते, पुढे खाचरांवर इमारती चढतात, 2009 मध्ये महानगरपालिका होते.

पंपाने बायकांचे, गड्यांचे, जनावरांचे कष्ट वाचवले, ते वाचायलाच हवे होते. पण रहाटाभोवतीचा एकही धंदा एकटा उभा नव्हता, म्हणून जाताना ते सगळे मिळून गेले. आता जपायचे तर तेही सुटे सुटे जपता येणार नाहीत. काचेच्या पेटीत चाक ठेवून त्याचा दाता कसा बसवायचा हे कुणाला कळणार नाही. पण आगाशीकडे अजून सुकेळी करणारी घरं आहेत. ती सुकेळी विकत घ्या, आणि घेताना विचारा: मांडव कुणी बांधला, केळी कुणाच्या वाडीतली, घरातलं कोण शिकतंय? रहाट चालवलेला कुणी वडीलधारा भेटला, तर वही उघडून त्याच्यापुढे बसा. उत्तरं देणारी माणसं आहेत तोवरच हे लिहून घेता येईल.