मात्रेची पट्टी

दौंड असो वा शिरूर, संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर गर्दी उसळते. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून सहा कापल्या जातात, गुळगुळीत फॉइलवर घसरणारं बॉलपेन ‘1-0-1’ असं काहीतरी उमटवतं आणि ‘जेवल्यावर घ्या’ म्हणत पिशवी पुढे सरकते. एक्स्पायरीची तारीख कित्येकदा दुकानात उरलेल्या चार गोळ्यांवरच राहते. या ‘1-0-1’चा पूर्वज म्हणजे मिक्स्चरच्या बाटलीवरची कागदी पट्टी.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी दवाखान्यात जाताना घरून बाटली धुऊन न्यावी लागे. कंपाउंडर बरणीतलं गुलाबी कार्मिनेटिव्ह मिक्स्चर तिच्यात ओतायचा. मग कागदाची अरुंद पट्टी दुमडून कडेला कात्रीने सारख्या अंतरावर खाचा पाडायचा आणि ती बाटलीला डकवायचा. एक खाच, एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही दुपारचं औषध कुठवर उतरायला हवं ते दिसायचं. पट्टी डकवता डकवता ‘बाटली हलवून घ्या, आंबट खाऊ नका’ हेही सांगून व्हायचं. मिक्स्चर, पुड्या, कंपाउंडरचा पगार आणि हे बोलणं, सगळं डॉक्टरांच्या फीमध्ये आलेलं असे.

औषधांचा कायदा आला तो मात्र वेगळ्या काळजीतून. बाजारात भेसळीची, निकृष्ट औषधं बोकाळली म्हणून 1930 साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिने औषधांवर नियंत्रण आणि शिकलेले फार्मासिस्ट अशा दोन्ही गोष्टी मागितल्या. 1932 मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण सुरू केलं. 1940 चा औषध कायदा, 1945 चे नियम आणि 1948 चा फार्मसी कायदा ही त्यापुढची पावलं. फार्मासिस्टांच्या पहिल्या नोंदवहीत पाच वर्षं कंपाउंडरी केलेल्यांनाही जागा मिळाली. परवाना कुणाला, विषारी औषध कुणाच्या देखरेखीखाली, याची नीट व्यवस्था लागली. रोग्याशी किती बोलायचं, हे कुणी विचारलं नाही.

1970 च्या पेटंट कायद्यानंतर देशी कारखाने फोफावले आणि तयार गोळ्यांनी मिक्स्चरची बरणी हटवली. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतही सिप्लासारख्या कंपनीचा कारखाना आहे. फार्मासिस्टच्या हातचं काम कारखान्यात गेलं, उरली विक्री. डी. फार्म.च्या मुलाला 500 तासांचं प्रशिक्षण, त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष औषधं देण्याचे. पण दुकानात बसल्यावर त्याची कमाई ठरते मालावर. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. म्हणजे 25 रुपयांना पडलेल्या स्ट्रिपवर 4 रुपये. त्यात भाडं, वीज, पोऱ्याचा पगार. समजावून सांगण्यात गेलेल्या पाच मिनिटांचं मोल त्या 4 रुपयांत कुठेच बसत नाही.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी मात्र रुग्ण-समुपदेशन हे फार्मासिस्टचं काम ठरवलं: डोस किती, किती दिवस, दुष्परिणाम कोणते, एखादी गोळी चुकली तर काय करायचं. हे बोलायचं कुठे? किरकोळ दुकानाला नियमाने किमान 10 चौरस मीटर जागा लागते. लैंगिक आजाराचं किंवा क्षयाचं औषध न्यायला आलेला माणूस मागच्या रांगेसमोर काय विचारणार? चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी तेच औषध स्वस्तात द्यायचं म्हटलं तर नियम आडवा येतो. चिठ्ठीत खाडाखोड दिसली, तर दवाखान्यात फोन करून विचारायची रीत नाही.

समोरचं गिऱ्हाईकही बदललं. रांजणगावच्या कारखान्यांतला उत्तर प्रदेशचा तरुण ‘उपाशीपोटी’ म्हटल्यावर नुसता बघत राहतो. हंगामात उसाच्या फडात आलेलं मराठवाड्यातलं जोडपं आज इथे, महिन्याने दुसऱ्या गावात. रक्तदाबाची गोळी आधी किती दिवस घेतली, याची नोंद कुठल्याच दुकानात सापडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याची, म्हणजे तिथल्या फार्मासिस्टची, तऱ्हा निराळी. तीसेक हजार लोकवस्तीला एक केंद्र हे प्रमाण, आणि साठा, मागणीपत्रं, नोंदवह्या आणि खिडकीवरची रांग हे सगळं त्याच्याच अंगावर.

महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना ‘फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही’ ही मोहीम जोरात निघाली. सर्टिफिकेट भाड्याने लावून चालणारी दुकानं अडचणीत आली, विक्रेत्यांनी बंदची भाषा केली. 14 ऑक्टोबर 2015 ला तर ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध देशभर दुकानं बंद राहिली. दोन्ही भांडणं महत्त्वाची होती. पण एकात प्रश्न हजेरीचा, दुसऱ्यात धंद्याचा. फार्मासिस्ट हजर असूनही गप्प का, हे दोन्हीकडे बाजूलाच पडलं.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा औषधाच्या किमतीखेरीज प्रत्येक औषध देण्यासाठी फार्मसीला वेगळी फी मोजते. आपल्याकडे जनऔषधी केंद्राचा मोबदलासुद्धा विक्रीच्या टक्क्यांत. जास्त विकलं की जास्त मिळतं. एखादी अनावश्यक गोळी घेऊ नका असं सांगणारा पदरचे पैसे घालवतो. सल्ला हवा असेल तर त्याची फी चिठ्ठीमागे ठरवावी आणि ती निदान सरकारी योजनांनी तरी भरावी. तोवर 2015 चे विनियम पाळणं हे दुकानदाराच्या भलेपणावरच अवलंबून राहणार, आणि भलेपणाला संध्याकाळी सातच्या गर्दीत फार वेळ मिळत नाही.