जखमींच्या यादीतले एक नाव

अमेरिकेत 'अ‍ॅपलसीड' नावाची दोन दिवसांची रायफल नेमबाजीची शिबिरे शनिवार-रविवारी भरतात. नवखे आणि सराईत एकाच रांगेत आडवे होऊन नेम धरतात, श्वास आवरून चाप हळू ओढायला शिकतात. मधल्या वेळात त्यांना १९ एप्रिल १७७५ चा इतिहास सांगितला जातो. त्या पहाटे लेक्सिंग्टनला गावकरी बंदुका घेऊन इंग्रज फौजेसमोर उभे राहिले. आठ ठार, दहा जखमी झाले.

जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक होता. काळा, आणि गुलाम. ज्या स्वातंत्र्यासाठी त्याने गोळी झेलली, ते त्याच्या वाट्याला तेव्हा आलेच नव्हते.

रक्त सांडताना सोबत असलेली माणसे गोष्ट सांगताना गळतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून ज्या इतिहासात एस्टाब्रुक नाही, त्याचा नेम चुकलेलाच समजावा.