तीन गोल पिना

आपल्या भिंतीवरची तीन गोल भोकं इंग्रजांची, आणि त्यांनी स्वतः ती कधीच टाकून दिली, हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. मी तळेगाव ढमढेऱ्यात मोटारी रिवाइंड करतो. वेळ नदीकाठच्या विहिरींवरच्या मोटारी हे माझं खरं काम. पण लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली बाई मिक्सर घेऊन आधी माझ्याच दुकानात येते. "अण्णा, तिकडं ही पिन बसंल का?"

ही पिन १९३४ सालच्या बीएस ५४६ या ब्रिटिश मानकातली. पाच अँपिअरची बारीक, पंधराची जाड. पुढे युद्धात तांब्याचा तुटवडा पडला. तांबं वाचवायला इंग्रजांनी एकच वायर घरभर फिरवून परत मेन बोर्डला आणली. सगळा भार एका वेढ्यावर आल्यावर प्रत्येक पिनेच्या पोटात फ्यूज घालावा लागला, आणि १९४७ साली तेरा अँपिअरची चपटी पिन ठरली. त्याच वर्षी ते इथून गेले. गोल पिना आपल्याकडे राहिल्या. पुढे सहा आणि सोळा अँपिअरच्या झाल्या, एवढंच. म्हणून लंडनला, दुबईला अॅडाप्टर लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या घरात मात्र आपली जाड पिन सरळ बसते.

गावात पिनेचं कौतुक कुणाला होतं? ती तुटली की उघड्या तारा सॉकेटात घालून काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या. इस्त्री बल्बच्या होल्डरवर चालायची. हसू नका, अमेरिकेतही सुरुवातीला घरात वायरिंग फक्त दिव्यांचंच असे. १९०४ साली हार्वे हबलने पेटंट घेतलं ते दिव्याच्या होल्डरमध्ये बसवायच्या, काढघाल करता येणाऱ्या पिनेचंच.

आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंकडे राहिल्या. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने त्या रोझेलात खांबांवरून तारा ओढून दिवे लावले होते. आनंदीबाईंच्या चरित्रापेक्षा मला हा योग जास्त भुरळ घालतो; धंद्याचा दोष, दुसरं काय. एडिसनच्या कोळशाच्या तारेच्या दिव्याला एकशेदहाच्या आसपास व्होल्ट मानवत. दिवे घरोघर लागल्यावर तो आकडा बदलणं महागात पडणार, म्हणून अमेरिका आजही १२०वर आहे. कोरियाने तो खर्च केला: १९७३ला ११०चे २२० करायला घेतले, काम संपलं २००५ला.

म्हणून मी बायकांना सांगतो, पिन सोडा, मागचे व्होल्ट बघा. अॅडाप्टर फक्त भोकं जुळवतो. मोबाइलचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट खुशाल खातो, त्याची काळजी नको. पण इथली हजार वॅटची इस्त्री तिकडे जेमतेम पावणेतीनशे वॅट देईल. कपडा नुसता कोमट होईल. मिक्सरसाठी जड ट्रान्सफॉर्मर वाहून नेण्यापेक्षा ११० व्होल्टला वाइंड केलेला भारतीय मिक्सर घ्यावा. उलट फेरी वाईट. तिकडचं केस वाळवायचं यंत्र इथे नुसत्या अॅडाप्टरवर लावलं की पावणेचारपट ताकद घेतं. माझ्या टेबलावर येतं तेव्हा आत ओळखण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एका निवृत्त मास्तरांनी भावाने पाठवलेलं विजेचं घड्याळ आणलं होतं. ट्रान्सफॉर्मर लावलेला, व्होल्ट बरोबर, तरी तासाला दहा मिनिटं मागे. अमेरिकेची वीज सेकंदाला साठ फेरे घेते, आपली पन्नास, आणि ते घड्याळ फेरे मोजून चालतं. मास्तर म्हणाले, रिवाइंड करून द्या. म्हटलं, मास्तर, वाइंडिंगने भागणार नाही. कोयनेपासून सगळी जनित्रं जोरात फिरवावी लागतील.